काकीच्या कॅसेटबद्दल

खानापूर
२० ऑगस्ट

प्रिय हिरो,

दीड महिना तुझा फोन आला की मी ‘दुकानात गर्दी आहे’ म्हणून ठेवून देत होतो. गर्दी नव्हती. भर पावसात लग्नपत्रिका छापायला कोण येतंय? बोलायला लागलो असतो तर तुझ्या आईच्या, आमच्या काकीच्या कॅसेटचा विषय निघाला असता, आणि ते फोनवर सांगायला धीर होत नव्हता. म्हणून आज कागद घेतलाय. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन लावू नकोस.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच आहे. आबांची साखर थोडी चढली होती, गोळी बदललीय.

आता कॅसेट. ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला मास्तरांचा कॅसेट वाजवायचा डेक दुरुस्त करून आणला होता, नवा बेल्ट घातला होता, हे तुला माहीत आहे. जुलैच्या पहिल्या शनिवारी दुपारी पहिली बाजू लावली. डेकची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम चालू, लाल बटण दाबलं. पाच-सात मिनिटं समोर बसून ऐकलं. तुझ्या ताईची हळद, १९९४ साल, जात्याची घरघर आणि काकीचा आवाज. मधे ती यल्लम्माची ओवी तोडून ओरडते, ‘हिरो, दूध उतू चाललंय बघ!’ आणि तू लांबून ‘हो गं’ म्हणतोस. तुझा आवाज अजून फुटलासुद्धा नव्हता रे.

तेवढ्यात धाकटीला स्टेशनवर सोडायची वेळ झाली. साठची कॅसेट, एक बाजू तीस मिनिटं. मी येईपर्यंत संपेल असं वाटलं. गाडी उशिरा आली. तिकडे जांबोटीच्या बाजूला पाऊस कोसळत होता, कुठंतरी झाड तारेवर पडलं असावं, आणि लाइट गेली.

कॉम्प्युटर यूपीएसवर, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ करंट देणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर होता, डेक नव्हता. चूक झाली ती इथंच. डेक भिंतीच्या साध्या सॉकेटला लावला होता. तो बंद पडला तसाच, प्लेचं बटण दाबलेलं, रबराचा रोलर टेपवर घट्ट बसलेला. यूपीएस मोकळ्या खोलीत एकटाच टीं टीं करत बसला आणि अकरा मिनिटांनी तोही गेला. मी स्टेशनवरून निघायच्या आधीच लाइट परत आली. बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे डेक आपोआप सुरू झाला, आणि टेप गुंडाळली जायच्या ऐवजी रोलरभोवती अडकत गेली. मी दार उघडलं तेव्हा आत काळ्या रेशमाचा गोळा झाला होता.

तुटली नाही. हे आधी सांगायला हवं होतं. रात्री एक वाजेपर्यंत बसून चिमट्यानं सोडवली आणि पेन्सिल घालून हळूहळू आत घेतली, आपण शाळेत असताना घ्यायचो तशी. पण वीतभर टेप चुरगळलीय, एका कडेला उभी सुरकुती आहे.

कॉम्प्युटर परत चालू केला तर ऑडॅसिटीनं विचारलं, अर्धवट राहिलेलं परत आणू का? आणलं. तेवीस मिनिटं सुखरूप मिळाली, दुधाच्या हाकेसकट. पण शेवट ऐकवत नाही. काकी ‘माझ्या गं लेकीच्या’ एवढं म्हणते, मोटर मंद होते, तिचा आवाज जाड होत होत खोल जातो आणि थांबतो. पुढं अकरा मिनिटं फाइलमध्ये सरळ रेघ. कॉम्प्युटर इमानानं शांतता रेकॉर्ड करत राहिला होता. लेकीच्या पुढं काय आहे ते त्या चुरगळलेल्या वीतभरात आहे.

त्या रात्रीपासून दुसरं काही सुचत नव्हतं. त्या यूपीएसच्या मागं एक चौकोनी यूएसबीचं भोक आहे, प्रिंटरला असतं तसलं. तीन वर्षं त्यात धूळ भरत होती. ‘लाइट गेलीय, बॅटरी एवढी उरलीय’ हे तो डबा कॉम्प्युटरला सांगू शकतो, मी कधी केबलच जोडली नव्हती. तू विंडोजसारखंच मशीन चालवणारं हे लिनक्स घालून दिलंस तेव्हा आपण केवढे भांडलो होतो, आठवतंय? ‘घरच्या जुन्या मशीनवर घाल, दुकानातल्याला हात लावशील तर बघ’ म्हणालो होतो. आता त्याच जुन्या मशीनवर दीड महिना बसलोय.

केबल जोडली, पण वर कोपऱ्यात बॅटरीचं चित्र काही येईना. महागड्या यूपीएसची भाषा डेस्कटॉपला आपोआप कळते, हा स्वस्तातला. यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा लिहिली तर ०६६५:५१६१ एवढाच नंबर दिसला, पुढं सायप्रेस कंपनीचा यूएसबी टू सिरियल. म्हणजे आतून यूएसबीच्या आधीची, जुनी सिरियलची बोली, वरून यूएसबीचा सदरा. त्याला लागतो तो प्रोग्राम म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, आणि त्याचं छोटं नाव काय सांगू? नट! हिरो, तुझीच आठवण आली मर्दा. त्यातही तीन पात्रं आहेत. एक ड्रायव्हर, तो डब्याशी बोलतो. दुसरा यूपीएसडी, तो विचारेल त्याला हालहवाल सांगतो. तिसरा यूपीएसमॉन, तो लक्ष ठेवतो आणि वेळ आली की मशीन नीट बंद करतो. आणि सगळं जुळलंय का बघायची आज्ञा कुठली? यूपीएससी! धारवाडात खोली घेऊन तू तीन वेळा दिलीस, मी इथं बनियनवर बसून एका ओळीत दिली. वहिनींना वाचून दाखव हे.

ती एक ओळ यायला मात्र आठवडा गेला. नट बसवला तरी त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मोड ‘नन’ असतो, म्हणजे काहीच चालू होत नाही. तो ‘स्टँडअलोन’ करावा लागतो. ते कळायला दोन संध्याकाळी. मग ड्रायव्हर म्हणे डब्याला हात लावायची परवानगी नाही. केबल काढून परत घातली आणि परवानगी मिळाली! पावणेबाराला आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, लाइट आहे ना, मग झोप की.

खरी काळजी पुढं आहे, आणि ती तुलाच कळेल. यूपीएसमॉन मशीन बंद करतो ते दोन गोष्टी जमल्यावर, ओबी म्हणजे बॅटरीवर आणि एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. आमचा डबा एलबी सांगतो ते अगदी जीव जाताना. बॅटरी किती टक्के हे त्याला ठाऊकच नाही, तो फक्त व्होल्ट सांगतो. ड्रायव्हरला आपण सांगायचं, १३.६ म्हणजे भरलेली, १०.५ म्हणजे रिकामी, मग तो मधला हिशोब करतो. मी बेळगावला जाऊन १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी आणली, रात्रभर चार्ज केली, डेकमध्ये कोरी कॅसेट लावली आणि सॉकेटचं बटण बंद केलं. प्लग उपसला नाही, अर्थिंग राहायला हवं. बटण पडल्याबरोबर आकडा १२.३ वर, म्हणजे शंभराचे एकदम अठ्ठावन्न! बॅटरी संपली नव्हती, लोड आल्यावर व्होल्ट बसतातच. नऊ मिनिटांनी ११.४, एकोणतीस टक्के. असल्या टक्क्यांवर काकीचा आवाज सोपवायचा? माझं मन घेईना.

म्हणून टक्के सोडले आणि घड्याळ धरलं. यूपीएसशेड म्हणून त्यातच एक सोय आहे. लाइट गेली की टायमर सुरू, चार मिनिटांत आली तर रद्द, नाही आली तर मशीन शिस्तीत बंद. खानापुरात लाइट दिवसातून दहादा डोळा मिचकावते, तेवढ्यानं बंद पडून चालणार नाही. आणि लाइट जाताक्षणी स्पीकरमधून धाकटीचा आवाज येतो, ‘दादा, लाइट गेली!’ तिच्याकडून रेकॉर्ड करून घेतलाय. डेक, स्पीकर, सगळं आता यूपीएसवर आहे.

तरी एक मेख राहतेच. मशीन बंद झाल्यावर नट यूपीएसलाही ‘आता करंट तोड’ म्हणून सांगू शकतो. बॅटरी वाचते, लाइट आली की सगळं आपोआप उठतं, म्हणून लोक ते मुद्दाम लावतात. मी ती ओळ काढून टाकली. कारण आपोआप उठणाऱ्यांत डेकही आला, आणि डेक आपोआप उठला म्हणूनच हे झालं. पण ओळ काढली तरी बॅटरी पूर्ण संपल्यावर तेच होणार. प्लेचं दाबलेलं बटण कुठलाही प्रोग्राम वर करू शकत नाही, तिथं बोटच पाहिजे. धाकटीचा आवाज आल्याबरोबर कुणीतरी स्टॉप दाबायला हवा. गणपतीतल्या नाटकात तिसऱ्या अंकात जनरेटर बंद पडला तेव्हा कुणी तिथं उभा असता तर तू अंधारात संवाद विसरला नसतास. आणि डिझेल मी भरलं होतं, हे परत एकदा लिहून देतो. नळी सरकली होती.

तुझी बदली झाली का? पोराचं दहावीचं वर्ष म्हणजे घर हलवणं कठीणच. वहिनींच्या पाठीचं काय झालं? कळव.

विचारायचं आहे ते एवढंच. पहिल्या बाजूची शेवटची सात मिनिटं आणि अख्खी दुसरी बाजू अजून टेपवरच आहे. दुसरी बाजू म्हणजे तीच टेप उलटी. सुरकुती तिथंही येणार, सातव्या मिनिटाच्या आसपास. तिथं डेकनं परत खाल्ली तर पुढचं कायमचं जाईल. न लावावी तर ती पेटीत पडून पडून अशीही जाणार. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी यूपीएससी मारून बघतो, ओएल म्हणजे लाइट आहे, व्होल्ट १३.५, सगळं ठीक. कॅसेट हातात घेतो आणि परत ठेवतो. ती तुझ्या आईची आहे, मी एकटा कसं ठरवू?

गणपतीला येणारच आहेस ना? एक दिवस आधी ये. तू डेकसमोर बटणावर बोट ठेवून बस, मी कॉम्प्युटरवर बसतो. आणि यायला जमणार नसेल तर ‘लाव’ किंवा ‘नको’ एवढंच कळव. ‘लाव’ म्हणालास तर ती संपेपर्यंत मी जागचा उठणार नाही, स्टेशनवर कुणी का उभं असेना.

तुझाच,
गल्लीतला

ता. क. ताईला अजून काही सांगितलेलं नाही. त्या तेवीस मिनिटांची पेनड्राइव्ह सोबत पाठवतोय. शेवटचा तो मंद झालेला भाग मी कापलेला नाही. वहिनी आणि पोरं असताना ऐक, एकटा ऐकू नकोस.