सोलरला पैसा, मग पठारावरच्या वाऱ्याला का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या जिकडे बघावं तिकडे सोलर. गच्चीवर ३ किलोवॅट बसवा, ७८ हजार सबसिडी घ्या, शेतात पॅनल, पंपावर पॅनल, चांगलंच आहे, तक्रार नाहीच. पण आमच्या साताऱ्याकडे पावसाने झड धरली की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच चाळकेवाडीच्या पठारावर छत्री उघडता येत नाही एवढा वारा. मग सोलर आणि पवनचक्क्या, दोन्हीत पैसा नको का घालायला?

ठोसेघरला येऊन पवनचक्क्यांसोबत सेल्फी काढणाऱ्यांना माहीत नसतं की यातल्या कित्येक नव्वदच्या दशकाच्या शेवटाच्या आहेत. वनकुसवडे पठारावर तर ३५० किलोवॅटची मशीनं. तेव्हा पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवता यायचा, म्हणजे मशीनची अख्खी किंमत त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा, त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही अशांनीही टॅक्स वाचवायला एकेक दोनदोन चक्क्या घेऊन टाकल्या. सवलत मशीन उभं करण्यावर होती, ते फिरतंय किती याचं कुणाला पडलेलं नव्हतं! तयार झालेल्या विजेच्या युनिटमागे ५० पैसे देणारी केंद्राची स्कीम यायला २००९ चा डिसेंबर उजाडला.

आता नवं एकच मशीन २-३ मेगावॅटचं येतं, म्हणजे जुनी सात-आठ काढून एक. वारा सगळ्यात भारी तिथेच सगळ्यात म्हातारी मशीनं बसलीत. रीपॉवरिंगची, म्हणजे जुनी मशीनं काढून नवी बसवायची पॉलिसी २०१६ ला आली, २०२३ ला सुधारली, पण घोडं अडतं मालकीपाशी. मोठ्या मशीनांत एकमेकांपासून अंतर जास्त लागतं, मग ज्याची चक्की काढणार त्याला काय मिळणार? तो कशाला सही करेल?

माझं म्हणणं, अख्ख्या पठाराची एक कंपनी किंवा संस्था करा, जुन्या मालकांना मेगावॅटप्रमाणे शेअर द्या आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांनाही द्या, नुसत्या वॉचमनच्या नोकऱ्या नकोत. कारखान्याला ऊस घालणारा सभासद होतो, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. बँकांनाही शंभर जणांच्या दारात जाण्यापेक्षा एकाच संस्थेला कर्ज देणं सोपं.

आणि हो, सबस्टेशन आणि लाइनचा खर्च आधीच धरा, शिवाय घाटातली वळणंही. पन्नास-साठ मीटरचं पातं घेऊन ट्रेलर वर चढणार कसा, हे टेंडर काढायच्या आधी कुणीतरी येऊन बघून जा.

– एक वाचक, सातारा