तात्या, आभार राहिलेत

तात्यांस नमस्कार,

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "असू दे रं" म्हणून पावसापाण्याचं बोलायला लागता. म्हणून चारचौघांत लिहितोय. आता वाचावंच लागेल.

तासगावकडचं बेदाणा शेडचं काम तुम्हाला माहीतच आहे. माल उतरायच्या आत शेड उभं राहायला हवं होतं. रानातली लाइट कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळं डिझेलवरचा वेल्डिंग सेट भाड्यानं आणला. सेट आला तोच एका केबलीची लग (तार नटाखाली धरणारी टोकाची धातूची कडी) तुटलेला, उघड्या तारा नटाला गुंडाळलेल्या. भाडेवाल्याला फोन केला तर म्हणे, "सगळे असंच वापरतात." घामेजल्या हातानं होल्डर, म्हणजे वेल्डिंगची कांडी पकडायचा चिमटा, धरताना भाच्याला झटका बसला, त्यावर साहेबांचं उत्तर तयार: "डीसी आहे ओ, डीसीनं काय होत नसतं." आर्क पेटलेला नसतो तेव्हाही होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात आणि ओल्या अंगाला तेवढे पुरतात, हे नोटा मोजणाऱ्याला कुणी सांगायचं? त्यानं धाडलेला मेकॅनिक तर त्याच्यावर कडी. लांबूनच बघितलं, "अँपिअर कमी ठेवा" म्हणाला आणि येण्याजाण्याचे पैसे मागून गेला.

तुम्ही शेजारच्या वस्तीवरून आलात ते रबर जळाल्याचा वास आला म्हणून. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

आल्या आल्या इंजिन बंद केलंत. किल्ली काढलीत आणि ती तुमच्या खिशात नाही, माझ्या हातात नाही, भाच्याच्या शर्टाच्या खिशात टाकलीत. म्हणालात, "मी हां म्हंतोय तवर कुणाला द्यायची न्हाई. मामानं मागितली तरी न्हाई." मग पाना उचललात.

तात्या, मला सारखं तेच आठवतं. साइटवर हेल्परला हाक मारतात ती पाणी आणायला, नाहीतर शिव्या घालायला. झटका खाल्लेलं ते पोर तोवर सेटच्या जवळ जायला तयार नव्हतं. तुम्ही स्वतःचे हात टर्मिनलवर ठेवलेत आणि इंजिन चालू होऊ न देण्याची राखण त्याच्याकडे दिलीत. खिशावर हात दाबून उभा होता, पोलीस असल्यासारखा. नंतर दुपारभर तुमच्या मागं मागं फिरत होता.

बाकी काय केलंत ते इथं सगळं लिहीत नाही, ज्याला शिकायचंय त्यानं तुमच्याकडं यावं. एक मात्र डोळ्यांपुढून जात नाही. नट सोडल्यावर लग आणि टर्मिनलची बैठक यांच्या मधोमध निघालेला तो लोखंडी वायसर, जळून निळा पडलेला. सगळा करंट त्याच्यातून चाललेला! तुम्ही तो भाच्याच्या तळहातावर ठेवलात आणि हिशेब सांगितलात: सांध्यात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी १५० अँपिअरला सव्वादोनशे वॅट उष्णता तिथंच तयार होते. आणि हाताच्या अंतरावर डिझेलची टाकी. नवी लग दाबून थेट बैठकीवर बसवलीत, वायसर तिच्यावर, मग नट. अर्थचा क्लॅम्प (करंट परत सेटकडं नेणाऱ्या केबलीचा चिमटा) लांबच्या रंगवलेल्या खांबावरून काढून, रंग घासून, जोडाच्या जवळ आणलात. किल्ली मागितलीत ती त्यानंतरच.

हे सगळं करताना एकदाही "तुम्हाला एवढं कळत नाही का" म्हणाला नाहीत. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला तसं म्हणायचा हक्क होता. आमच्या धंद्यात ज्याला चार गोष्टी येतात तो त्या झाकून तरी ठेवतो, नाहीतर दुसऱ्याच्या डोक्यावर आपटतो. तुमच्यासारखी माणसं नुसती शेजारच्या वस्तीवर असली तरी कामावर बळ येतं. त्यांचा बोर्ड नसतो, कार्ड नसतं, गाडीवर नाव नसतं. भाडेवाल्याचं मात्र तिन्ही आहे.

शेड उभं राहिलं, पत्रेही चढले. भाचा परवा दुसऱ्या साइटवर केबल बदलत होता. मी किल्ली मागितली तर माझ्याकडं बघून नुसता हसला, दिली नाही.

लग दाबायचं तुमचं हत्यार अजून माझ्याकडंच आहे, रविवारी घेऊन येतो. लगांचे पैसे तेवढे घ्या, मजुरीचं नावही काढत नाही.

तुमचा,
बेदाणा शेडवाला फॅब्रिकेटर