आधीच्या शाळेतली तीन वर्षं गेली कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अनुदानित शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. पेन्शनचे कागद हातात आले तर त्यात सेवा लिहिलेली 28 वर्षं, आणि मी शिकवलंय 31 वर्षं. पहिली तीन वर्षं दुसऱ्या संस्थेत होते, मान्यता असलेल्या पदावर, रीतसर परवानगी घेऊन राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी नव्या शाळेत हजर झाले, पण तिथे नवं कोरं सेवापुस्तक (नोकरीच्या नोंदींची वही) उघडलं गेलं आणि जुनं कुणी मागवलंच नाही. मीपण विचारलं नाही, पंचविशीत पेन्शन कुणाच्या डोक्यात असते.

चौकशीला गेले की एकच उत्तर, बाई, 20 वर्षं झाली ना, पूर्ण पेन्शन बसतेय, मग कशाला त्रास करून घेता. अहो पण ग्रॅच्युइटीचं, म्हणजे रिटायर होताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचं काय? ती दर पूर्ण सहा महिन्यांना पाव पगार अशी मोजतात, जास्तीत जास्त साडेसोळा पगार, म्हणजे 33 वर्षांपर्यंत प्रत्येक सहामाही धरली जाते. माझे तीन वर्षांचे दीड पगार सरळ गेले. ज्यांची सेवा पेन्शनच्या अटीला थोडक्यात कमी पडते त्यांचं तर पेन्शनचंच नुकसान, आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही, म्हणून त्यानंतर शाळा बदललेल्यांची आधीची सेवा धरली नाही तर जुनी पेन्शनच धोक्यात येते.

मग सुरू झाली शोधाशोध. जुन्या शाळेतले क्लार्क केव्हाच बदललेले, सेवापुस्तक सापडत नाही म्हणाले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा मान्यतेच्या आदेशाची कॉपी मिळाली, आणि जुन्या पगारपत्रकाच्या गठ्ठ्यात, कडा कुरतडलेल्या एका पानावर, रेव्हेन्यू स्टॅम्पवर केलेली माझी सही दिसली, माहेरच्या आडनावाची. खरं सांगते, तिथेच डोळ्यात पाणी आलं. आता नाव बदलल्याचं गॅझेटही जोडा म्हणतात, तेही जोडलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की मान्यता शिक्षण विभागानेच दिली, पगारही सरकारनेच दिला, मग पुरावा रिटायर झालेल्या माणसाने दारोदार फिरून का गोळा करायचा? सेवापुस्तक दरवर्षी दाखवून सही घ्यायची असते, कितीजणींना दाखवतात? रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधी प्रत्येकाची पहिल्या नेमणुकीपासूनची सगळी सेवा एका कागदावर काढून हातात द्यावी, चूक असली तर तेव्हाच दुरुस्त होईल, आणि जुनी पगारपत्रकं वाळवीच्या तोंडी जायच्या आत स्कॅन करून ठेवावीत.

ज्या शिक्षकांनी एकदा तरी शाळा बदललीय त्यांनी उद्याच ऑफिसात जाऊन आपल्या सेवापुस्तकाचं पहिलं पान बघावं, नेमणुकीची तारीख कुठली लिहिलीय ते. माझं सुधारित प्रकरण पेन्शन मंजूर करणाऱ्या महालेखापालांकडे गेलंय, अजून उत्तर आलेलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका