पिल्लू स्वतः खाईपर्यंत विकू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चोपड्यात आमची पिठाची गिरणी आहे. पत्र लिहिण्याची मला सवय नाही, पण आता सुट्ट्या लागल्या आहेत, घरोघरी मुलं पक्षी मागत आहेत, म्हणून लिहिते.

गेल्या आखाजीला लेक माहेरी आली, तेव्हा नातीच्या हट्टापायी शहरातल्या एका दुकानातून आम्ही कॉकटेलची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाची, दोन पिल्लं आणली. वय जेमतेम ५ आठवडे. दुकानदाराने एक सिरिंज आणि पावडरचा डबा दिला. म्हणाला, हाताने भरवलेलं पिल्लू जास्त माणसाळतं. आठवडाभर भरवा, मग सिरिंज बंद करून बिया ठेवा, भूक लागली की खाईल. सासूबाईंचंही तेच मत पडलं, "भूक लागनी म्हंजे खाई बरोबर!" आम्ही विश्वास ठेवला.

सातव्या दिवशी सिरिंज बंद केली. पिल्लं मान हलवून, घसा खरवडल्यासारखा आवाज काढून दिवसभर मागत राहिली. संध्याकाळी वाटीत बियांची टरफलं दिसली, म्हटलं खाल्लं. जन्म धान्यात गेला तरी मी फसले. ती बी चोचीत धरून खेळत होती, फोडून टाकत होती, गिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी आवाज कमी झाला, तर आम्हाला वाटलं सवय लागली. चौथ्या दिवशी पहाटे त्यातलं एक मेलेलं सापडलं. हातात घेतलं तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी, चपटी. नात त्या दिवशी जेवली नाही आणि मीही जेवले नाही.

दुसरं पिल्लू कापडात गुंडाळून जळगावला पशुवैद्यांकडे नेलं. वजन भरलं ६८ ग्रॅम. आणलं त्या दिवशी नातीने हौसेने गिरणीच्या छोट्या काट्यावर तोललं होतं, तेव्हा ८६ होतं. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, उपाशी ठेवून पिल्लू खायला शिकत नाही, त्याची ताकद जाते आणि मग ते प्रयत्नही सोडतं. रानात पिल्लू घरट्यातून उडालं तरी आईबाप त्याला काही आठवडे भरवतात. त्यांच्याबरोबर हिंडत, त्यांचं बघत ते टिपायला शिकतं. आमच्या पिल्लाचे आईबाप म्हणजे आम्हीच होतो आणि आम्हीच हात काढून घेतला.

सिरिंज पुन्हा सुरू केली. आधी पातळ, थोडं थोडं, मग नेहमीसारखं दाट. खाऊ ३९ ते ४१ अंश गरम लागतो. त्याहून फार गरम झाला तर ती पिशवी आतून भाजते, गार झाला तर अन्न खाली सरकत नाही, तिथेच आंबतं. पाण्यात हात घालून अंदाज घेणं बरोबर नाही, मी तापमापी आणली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो, तेव्हा कालवलेला उरलेला खाऊ पुढच्या वेळेला ठेवायचाच नाही, फेकायचा. पिल्लू कूलरच्या झोतासमोरही ठेवायचं नाही. शेजारची बाई प्रेमाने दूध-पोळी घेऊन आली होती, ती मी परत पाठवली. पक्ष्यांना दूध पचत नाही.

सिरिंज चालू ठेवूनच जमिनीवर पसरट ताटली मांडली. पिल्लं आधी खालचं टिपतात, उंच वाटीतलं नाही. त्यात अर्धी शिजवलेली दादर ज्वारी, उकडलेल्या मक्याचे दाणे, मोड आलेले मूग बारीक चिरून, ओली कोथिंबीर, आणि बाजूला बाजरीचं एक अख्खं कणीस. सगळं मऊ, किंचित कोमट. दोन तासांनी ताटली उचलायची, नाहीतर उन्हाळ्यात आंबून जाते. आम्ही जेवायला बसलो की ते शेजारी बसायचं आणि आमच्या तोंडाकडे बघत ताटलीतलं उचलायचं. पहिल्यांदा खरोखर गिळलं ते मात्र यातलं काहीच नाही! भरताच्या मिरच्या चिरत होते, त्यातली एक त्याने ओढून नेली आणि बिया टिपल्या. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही, खाऊ द्या. मीठ, तेल, चहा, चॉकलेट मात्र अजिबात नको.

रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन करून नात कॅलेंडरवर लिहायची. पिल्लू उडायला लागलं की वजन थोडं उतरतं, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण उतरतच राहिलं तर सिरिंज वाढवायची. वजन टिकलं तेव्हा आधी दुपारचा घास सोडला, नंतर सकाळचा. रात्रीचा सगळ्यात शेवटी, पोट भरून झोपावं म्हणून. अकराव्या आठवड्यात ते स्वतःच सिरिंजपासून मान फिरवायला लागलं. घट्ट चोच मिटलेल्या पिल्लाला जबरदस्तीने भरवलं तर खाऊ श्वासनळीत जातो, म्हणून मीही हट्ट केला नाही. काटा ८५ वर स्थिर होता. सिरिंज धुऊन फडताळात ठेवली.

यात माझी चूक मोठी आहे. न विचारता, न वाचता जीव घरात आणला. पण दुकानदारांना माझं हात जोडून सांगणं आहे, पिल्लू स्वतः खाऊन निदान दोन आठवडे वजन टिकवत नाही तोवर विकू नका. हाताने भरवणं हे रोज करणाऱ्याचं काम आहे, सिरिंज देऊन ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधू नये. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे २०१८ चे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी बंधनकारक आहे. घेणाऱ्यांनी ते नोंदणीपत्र मागावं, आणि पिल्लू आपल्या डोळ्यांसमोर दाणा फोडून गिळतं का ते उभं राहून बघावं. घाई असेल तर घेऊ नये.

अजून एक. वळवाच्या वादळात झाडाच्या ढोलीतून आपल्या हिरव्या राघूंची पिल्लं खाली पडतात. ती घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्यांना भरवायला शिकू नका, माझ्या हातून काय झालं ते वर लिहिलंच आहे.

चोपड्यात कुणाकडे असं पिल्लू आधीच आलेलं असेल तर पिल्लाला गिरणीवर आणू नका, पिठाची धूळ आणि पट्ट्याचा आवाज त्याला सोसणार नाही. ग्रॅमचा काटा आणि तापमापी मी घरी नेऊ देईन. काम झालं की परत आणून द्या, दुसऱ्याला लागेल.

आपली,
एक गिरणीवाली, चोपडा (जि. जळगाव)