लेखा विभागातल्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या उद्योग-सहकार्य कक्षाच्या कार्यक्रमांत कुलगुरू असतात, उद्योजक असतात, शाल-श्रीफळ असतं. आभारप्रदर्शनात लेखा विभागाचं नाव मात्र मी अजून ऐकलेलं नाही. म्हणून हे पत्र.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 आला आणि विद्यापीठात नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ असणं कायद्यातच आलं. फीत कापली गेली, फलक लागला. पण उद्योगांशी करार करायचे, प्राध्यापकांची पेटंट दाखल करायची, विद्यार्थ्यांच्या स्टार्टअपना हात द्यायचा, हे करणारे आम्ही बहुतेक जण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. आमची फाइल एखाद्या टेबलावर अडकली, तर जाऊन विचारायचीही चोरी.

पेटंटच्या फीचं प्रकरण आठवतं ना? आमच्या एका सरांना सोमवारी परिषदेत शोधनिबंध वाचायचा होता. संशोधन आधीच चारचौघांत मांडलं की त्याचं नावीन्य धोक्यात येतं आणि पेटंटवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते. त्यामुळे प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज आधीच जायला हवा होता. तो गेला की पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. सप्टेंबर 2021 पासून शैक्षणिक संस्थांना या फीमध्ये 80 टक्के सवलत आहे, म्हणजे ऑनलाइन अर्जाला 8,000 ऐवजी 1,600 रुपये. तेवढ्यासाठी फाइलवर शेरा आला, ‘तीन दरपत्रके जोडावीत.’ आता भारत सरकारच्या पेटंट कार्यालयाला प्रतिस्पर्धी कुठून आणायचा! तुम्ही चष्मा वर सरकवून हसलात आणि त्याच शेऱ्याखाली लिहिलंत, ‘शासकीय शुल्क असल्याने दरपत्रकांची आवश्यकता नाही. स्थायी अग्रिमातून अदा करण्यास हरकत नाही.’ किरकोळ खर्चासाठी हाताशी ठेवलेल्या त्या रकमेतून फी भरली आणि शुक्रवारी संध्याकाळी अर्ज गेला.

मग एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्याचं काम. रसायनशास्त्राच्या सरांनी सल्ला दिला, कारखाना पैसे द्यायला तयार, पण ते जमा करायला लेखाशीर्षच, म्हणजे हिशोबात त्यासाठीचं खातंच नाही! दुसऱ्या कुणी फाइल परत पाठवली असती. तुम्ही आधी करार मागवून घेतलात, पेन्सिलने खुणा करत शेवटपर्यंत वाचलात आणि विचारलंत, “सल्ल्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. तो या रकमेत धरलाय की वरून? करारात लिहा, नाहीतर विद्यापीठाच्या हिश्शातून जाईल.” आम्ही प्रशिक्षणं केली, प्रमाणपत्रं लावली, पण हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता. नवं लेखाशीर्षही तुम्हीच मंजूर करून आणलंत.

माझ्या मते विद्यापीठातलं ज्ञान उद्योगापर्यंत जातं की नाही, हे प्रयोगशाळेइतकंच लेखा विभागात ठरतं. धोरणं लिहिणाऱ्यांना हे पटेल का, कोण जाणे. निदान कक्षातल्या नव्या मुलांना तरी पटलंय. कंपनीचा फोन आला की ती आधी तुमच्याकडे येतात, मग आमच्याकडे.

एक कळवायचं राहिलं. तुम्ही आम्हाला करून दिलेली नमुना टिपणी, संदर्भापासून ‘मान्यतेसाठी सादर’पर्यंत, आम्ही दुसऱ्या एका विद्यापीठातल्या कक्षाला पाठवली. तुम्हाला न विचारता. त्यांचा प्रस्ताव पहिल्याच फेरीत मंजूर झाला आणि आता त्यांना जीएसटीबद्दल तुमच्याशी बोलायचंय. नंबर देऊ का?

आपला,
उद्योग-सहकार्य कक्षातला एक समन्वयक