सॉल्ट लेक पाहून आलो, तुझ्याशिवाय

ता. आर्वी, जि. वर्धा
१६ जून २०२४, रविवार

प्रिय बाल्या,

रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र शेवटपर्यंत वाच. मी कलकत्त्याचं सॉल्ट लेक स्टेडियम पाहून आलो. ६ जूनला, आपल्या फुटबॉल कप्तानाच्या, सुनील छेत्रीच्या निरोपाच्या मॅचला. तुझ्याशिवाय.

फोन करणार होतो. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. सहा वर्षांत आपण फोनवर "पाऊस कसा आहे, बरं चाललंय" याच्या पुढे गेलोच नाही, आणि ही गोष्ट तेवढ्यात मावणारी नाही. म्हणून कागद घेतला. घरी सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच. माझी शुगर गोळीवर आहे.

४ तारखेला निघालो, निकालाच्या दिवशी. आर्वीच्या स्टँडवर गुलाल उडत होता, एसटीत ज्याच्या त्याच्या कानाला मोबाइल. सोबत गुड्डी. तुझी वहिनी दोन दिवस बोलत नव्हती. सरकीची थैली ८६४ रुपयांना, मजूर मिळत नाही, मृग तोंडावर आणि हा माणूस पोरीला घेऊन कलकत्त्याला चालला! तिचं चुकत नव्हतं. सहा थैल्यांचे पैसे गेले, मी मोजलेत. तरी निघताना तिनंच पुऱ्या, ठेचा आणि लोणच्याची बरणी बांधून दिली.

वर्ध्याहून गाडी धरली. नागपूर आलं तेव्हा दिवस मावळला होता. गुड्डी खिडकीतून बघत म्हणाली, "बाल्याकाका इथंच राहतात न? त्यांना काऊन नाही बोलावलं?" मी म्हटलं, त्यांची ड्युटी असेल. खोटं बोललो. गाडी सुटेपर्यंत फोन हातात होता, तुझं नाव उघडून. २०१८ चा तो फोन आठवत होता. चायनीज तैपेईला आपण पाच गोल मारले आणि स्टेडियममध्ये तीन हजार माणसंही नव्हती. मग छेत्रीनं हात जोडून सांगितलं, शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानावर येऊन द्या. तू पनवेलहून अंधेरीला गेलास. केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी, भर पावसात गच्च भरलेलं मैदान. तिथून तू फोन केलास, "आवाज ऐक बे, गजा!" मी ऐकला आणि कापला. शाळेच्या टाकीवर बसून आपण ठरवलं होतं की पहिल्यांदा जायचं ते दोघांनी. तू ते मोडलंस असं मी धरून बसलो. आता मीही मोडलं. फिटंफाट झाली असं मला वाटत नाही, उलट तू तेव्हा फोन का केला होतास ते आता कळतंय. जे दिसत होतं ते एकट्याला पेलत नव्हतं.

तर ऐक.

हावड्याला उतरलो ५ तारखेला दुपारी. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं नदीच्या खालून गेलो. वर हुगळी, खाली आपण. डब्याबाहेर निळे दिवे लागले की समजायचं, आता नदीखाली आहोत. मिनिटाच्या आत संपतं. गुड्डीनं काचेला तळहात लावून ठेवला होता. एस्प्लनेडला उतरून बसनं सियालदा, तिथून पुन्हा मेट्रो. स्टेशनचं नावच सॉल्ट लेक स्टेडियम आहे. पाटीपुढे उभं राहून मी फोटो काढून घेतला, छाती पुढे काढून. तूही काढला असतास.

बाहेरून बघशील तर मनात भरत नाही, खरं सांगतो. सिमेंटचा अवाढव्य डोलारा, आपल्याकडच्या एखाद्या धरणाच्या भिंतीसारखा वळत गेलेला. मनात आलं, यासाठी एवढं? सगळीकडे निळ्या जर्सी, पाठीवर ११. ढोल. छेत्रीचे मुखवटे घातलेली पोट्टी. उकाडा असा की मे महिन्यातला आपला वर्धा बरा, निदान घाम वाळतो तरी. आम्ही दार शोधत अर्धा फेरा मारला, मग उतार चढलो, मग जिना. जिन्यात अंधार, माणसाला माणूस लागलेला. वरच्या टोकाला एक चौकट आणि त्यात फक्त उजेड.

त्या चौकटीत पाय ठेवला, बाल्या, आणि हिरवं दिसलं.

टीव्हीवर आपण तेच गवत हजारदा पाहिलं आहे. पण टीव्हीवर ते सपाट असतं. इथं त्याला खोली आहे. श्रावणातल्या पऱ्हाटीचा, एकही मर नसलेला, सारखा उगवलेला तास जसा दिसतो तसा. आणि त्यावर दिवे असे की खेळाडूला एक सावली नाही, चारी बाजूंना चार. मी थांबलो तर मागून धक्का बसला. गुड्डी माझा शर्ट धरून उभी. मला वाटलं ही काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "बाबा, एवढ्या गवतात ढोरं नाही घुसत का?" आपल्या मैदानावर मॅचआधी आपण काय काय हाकललंय ते तुला आठवत असेल. मागच्या पावसाळ्यात मी पोरांना घेऊन सराटे उपटले, तीन पोती निघाली. गोलाला अजून त्याच बाभळीच्या बल्ल्या आहेत, सरांनी गाडलेल्या. डावी तेव्हाच वाकली होती, तुझ्या त्या शॉटनं. ती अजून तशीच आहे, आणि तो गोल नव्हता हे मी अजूनही म्हणतो.

आवाजाचं सांगतो. तो एकदम येत नाही. समोरच्या बाजूनं उठतो, गोल फिरत तुझ्याकडे येतो, तुझ्या अंगावरून जातो, आणि तू ओरडलास हे तुला नंतर कळतं. शेजारी एक म्हातारे बंगाली काका होते, हिंदीतून बोलत होते. १९९७ च्या १३ जुलैला ते याच मैदानात होते म्हणे. फेडरेशन कपची सेमीफायनल, कलकत्त्याचेच दोन क्लब, ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १, भायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, सव्वा लाखावर माणूस आत होता. एकदा वर केलेला हात खाली आणायला जागा नव्हती, असं सांगताना त्यांनी हात वर केला आणि तसाच ठेवला. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाआधी सगळीकडे खुर्च्या बसवल्या, आता अडुसष्ट हजारांच्या आसपास मावतात. काका ईस्ट बंगालचे, पलीकडचा त्यांचा शेजारी मोहन बागानचा. दोघं ईस्ट बंगालचा हिलसा मासा मोठा की मोहन बागानचा झिंगा यावरून मॅचभर भांडले, अंगात मात्र दोघांच्या निळी जर्सी. आम्हाला कागदाच्या पुडीतून झालमुडी दिली. मुरमुरे आपलेच, वास मोहरीच्या तेलाचा.

आणि एक हिशेब मला तिथं बसून सुचला. हे स्टेडियम सुरू झालं १९८४ च्या जानेवारीत, नेहरू कपला. छेत्री जन्मला १९८४ च्या ऑगस्टमध्ये. तू आणि मीही १९८४ चे. चौघं एका सालचे.

मॅच तू पाहिलीच असशील. शून्य-शून्य. जिंकायलाच हवी होती. दुसऱ्या हाफमध्ये आपला खेळाडू एकटा गोलकीपरसमोर गेला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि कुवेतच्या गोलकीपरनं अडवल्यावर सगळं एकदम खाली बसलं. हजारो खुर्च्यांचा तो आवाज मला अजून झोपेत येतो. पण मी मॅच अर्धीच पाहिली. उरलेला वेळ गुड्डीकडे बघत होतो, कारण ती चेंडूकडे बघतच नव्हती. ती आपल्या गोलकीपरकडे, गुरप्रीतकडे बघत होती. चेंडू कुवेतच्या गोलाजवळ असायचा आणि हिची मान उलटीकडे. मला सांगायची, "तो गोलात राहतच नाही बाबा. बघा, किती पुढे येतो. आणि सारखा बोलते." टीव्हीवर हे दिसत नाही, टीव्ही चेंडूमागे धावतो. ती मांडीवर बोटांनी पावलं मोजत होती. गोलरेषेपासून किती बाहेर, चेंडू डावीकडे गेला की कुठे सरकतो, कधी मागे येतो. चेंडू नव्वद मिनिटांत किती वेळा त्याच्या हातात आला माहीत नाही, पण तिच्या हिशेबानं तो एक क्षण मोकळा नव्हता.

शिट्टी झाली. कोणी उठलं नाही. छेत्री मैदानाभोवती फिरला, हात जोडून, डोळे पुसत. मग पोरांनी दोन रांगा केल्या आणि तो मधून गेला. धावपट्टीमुळे खेळाडू लांब पडतात तिथं, चेहरा दिसत नाही. खांदे दिसत होते. १२ जून २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध त्यानं पहिला गोल मारला ते तुझ्या दुकानातल्या रेडिओवर की पेपरात आपल्याला कळलं, यावर आपण एकदा भांडलोय. पेपरात. एकोणीस वर्षं, चौऱ्याण्णव गोल. काका रडत होते, त्यांचा मोहन बागानवाला त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता. मी रडलो. तुझी आठवण आली म्हणूनही रडलो, आता लपवून काय करू.

पुढे कतारमध्ये ११ तारखेला काय झालं ते तू पाहिलंच. चेंडू रेषेबाहेर गेलेला, आणि कतारला गोल दिला. गुड्डी त्या रात्री जेवली नाही. "गुरप्रीतनं चेंडू बाहेर गेला म्हणून सोडला, त्याचं काय चुकलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता खरं काय ते लिहितो. एवढं पत्र त्यासाठीच आहे.

परतीच्या गाडीत, रायपूर गेल्यावर, गुड्डी वरच्या बर्थवरून खाली आली. मला म्हणाली की नागपूरला मुलींच्या टीमची निवड आहे, जुलैच्या दुसऱ्या रविवारी. घेतलं तर तिथंच राहून शाळा आणि सराव. हे तिला चार महिन्यांपासून माहीत होतं. बोलली नाही. स्टेडियम पाहिल्यावर बोलली. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "हंगाम होऊ दे, मंग पाहू."

बाल्या, हे वाक्य माझं नाही. हे आबाजींचं आहे. शब्द तेच, आवाजसुद्धा तोच. २००१ ची निवड चाचणी, आपल्या दोघांची नावं, सकाळी साडेसहाची एसटी. आदल्या रात्री आबाजी म्हणाले, "पेरणी टाकून चेंडू खेयाले जाशीन? हंगाम होऊ दे, मंग पाहू." मी पहाटे तिफण जुंपली. तू स्टँडवर उभा होतास. एसटी गेली, तू चढला नाहीस. दुसरी गेली, तरी नाही. दहा वाजता शेतात येऊन बांधावर उभा राहिलास, पिशवीत बूट, आणि मला काहीच म्हटलं नाहीस. म्हणाला असतास तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी हे मनात धरून आहे की तुझीही संधी माझ्यामुळे गेली. २०१८ ला तुझ्यावर जो चिडलो त्याच्या खालीही हेच होतं. तू एकटा जाऊ शकतोस हे पाहिलं, आणि वाटलं, मग त्या दिवशी का नाही गेलास?

गुड्डी काही बोलली नाही. परत वर चढली. भिंतीकडे तोंड करून झोपली, किंवा झोपली नाही.

तिच्या आईचं म्हणणं, तेरा वर्षांची पोर, परक्या शहरात, कोण बघणार? हे खोटं नाही. मलाही रात्री हेच सुचतं. खेळून काय होणार हेही सुचतं. गुडघा गेला तर? घेतलं नाही तर? आणि घेतलं आणि ती गेली, तर संध्याकाळी मैदानावर माझ्यासोबत कोण येईल, हे सगळ्यात आधी सुचतं आणि त्याची लाज वाटते. मी इथं अकरा वर्षं पोरांना सांगत आलो की मोठं मैदान असं असतं, तसं असतं. स्वतः न पाहता सांगत होतो. आता पाहिलं. तिनंही पाहिलं. आता तिला थांब म्हणायचं कोणत्या तोंडानं?

परवा एक शिरवा आला. मातीचा वास सुटला. मी अजून टोबणी केली नाही, पक्क्या पावसाची वाट पाहतो आहे. संध्याकाळी पाहिलं तर ती एकटी मैदानावर, वाकड्या बल्लीपासून पावलं मोजत पुढे येते, थांबते, डावीकडे सरकते, मागे जाते. समोर कोणी नाही. चेंडूही नाही. आणि सारखी बोलते आहे, कोणाला तरी.

मी ठरवलं आहे. टोबणी पुढेमागे होईल. तिला आणतो. तुझ्या वहिनीला मी समजावतो, पण एक गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. घेतलं तर पहिले काही महिने तिचं जाणंयेणं, रविवारचं जेवण, तापबिप आला तर, हे तुझ्या घराच्या भरवशावर. वहिनींना आधी विचार. नाही म्हणाल्या तरी मी रागावणार नाही, दुसरं काही बघेन. तुझ्या बदलीचं काय झालं? सोनूची दहावी कशी गेली? काकूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्पष्ट दिसतं का? सगळं लिही.

त्या रविवारी आम्ही पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघू. स्टँडवर ये. यावेळी मी येतो.

तुझा,
गजा

ता. क. : तिच्या हाताचा पंजा मागच्या कागदावर पेन्सिलीनं आखून ठेवला आहे. बर्डीच्या बाजारात त्या मापाचे गोलकीपरचे हातमोजे मिळतात का बघ. एक आकडा मोठेच घे, हात वाढतो आहे. पैसे मी आल्यावर देईन.