ऑक्टोबर छाटणीआधी लेकाला

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

यंदा वेलीवर घड वाढवू, एकरी दहा टन काढू, असं तू म्हणालास तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. वाइनच्या टाक्यांचं काम त्यांच्याकडं आहे. निम्म्या टाक्या रिकाम्या राहिलेल्या त्यांनाही बघवत नाहीत. पण बाग मी बघते, म्हणून उत्तर मी देते. फोनवर एवढं सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या काकांच्या बागेत दहा टन निघतात, हे खरं आहे, आणि त्यांची मेहनत मी रोज बघते. पण ती खायची द्राक्षं. त्यांना मणी फुगवायचा असतो, म्हणून ते घड जीएच्या, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात बुडवतात. आपल्याला मणी लहानच पाहिजे. आपली शिराझ ही वाइनची काळी द्राक्षं. तिचा रंग, वास, तुरटपणा सगळा सालीत असतो, आतला रस जवळपास बिनरंगीच. मणी फुगला की रस वाढतो, साल त्या मानानं वाढत नाही, आणि टाकीतून फिकी, पाणचट वाइन निघते. टनामागं साधारण ६०० ते ७०० लिटर धरले तर दहा टनांचा आकडा कागदावर मोठा दिसतो. ती बाटली एकदा घेतलेला माणूस पुन्हा येईल का, ते बघ.

पण माझं खरं कारण पाण्याचं आहे.

घड आपल्याला ऑक्टोबर छाटणीनंतर दिसतात, पण ते ठरतात त्याच्या कितीतरी आधी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान तिच्या डोळ्यांत घड तयार होतो. म्हणजे मे-जून. आपल्याकडं तेव्हा विहीर तळाला गेलेली असते, शेततळ्यात असेल तेवढंच पाणी. त्या दिवसांत पाणी फार झालं तर नुसता पाला माजतो आणि डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता वेलीचा तंतू, येते. पाण्याचा फार ताण पडला तर काडीच नीट वाढत नाही. नाशिककरांना गंगापूर, दारणा अशा धरणांचा आधार आहे. आपल्याला तळ्यातलं पाणी दिवाळीपासून जूनपर्यंत पुरवायचं असतं.

आता हिवाळ्यात वेलीवर दुप्पट घड ठेवले तर काय होईल? तळ्याचं पाणी जानेवारीतच खाली जाईल. वेल खोडात आणि मुळ्यांत साठवलेलं सगळं घडांना देऊन मोकळी होईल. मग एप्रिलला छाटल्यावर फूट येईल ती बारीक, कमजोर, आणि तिला पाजायला पाणीही उरलेलं नसेल. एका वर्षाचे पाच टन जास्तीचे मिळतील आणि पुढच्या वर्षीचे घड मे महिन्यातच जातील. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालन्याकडं मोसंबीच्या किती बागा उभ्या वाळल्या, तू लहान होतास, पण बघितल्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात वेलीवर किती भार टाकायचा, ते भाव बघून ठरवता येत नाही लेकरा, तळ्यातलं पाणी बघून ठरवावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावच्या लोकांनी आधी पाणलोटाची कामं केली, मग शेततळी, आणि द्राक्ष वाढवलं ते त्यानंतर. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक. भार जास्त असला की माल उशिरा पिकतो. फेब्रुवारीत यायची तोडणी मार्चात जाते. मार्चच्या उन्हात साखर चढते पण आंबटपणा झरझर उतरतो. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २४ दाखवतो आणि चव मात्र सपाट झालेली असते. म्हणून मी ब्रिक्सबरोबर आंबटपणासाठी पीएच बघितल्याशिवाय तोडणीला हात लावू देत नाही, आणि तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकते. शिवाय गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात काय झालं ते आठव. माल जितके दिवस वेलीवर, तितके दिवस तो आभाळाच्या हवाली.

पानांचं तू विचारलं होतंस. घडाजवळची पानं फक्त पूर्वेच्या बाजूनं काढायची. सकाळचं कोवळं ऊन आणि वारा घडाला लागला की भुरी, डाऊनी या रोगांचा जोर कमी होतो. पश्चिमेची पानं ठेवायचीच, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात. बाहेरच्या थंड देशांतल्या शिफारशी आपल्या रानात जशाच्या तशा चालत नाहीत. आजीला यातलं सगळं कळतं. माळकरी असल्यानं वाइन तिनं कधी चाखली नाही, पण फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायला अजूनही तीच सगळ्यांच्या पुढं असते, आणि कुठली फूट ठेवायची हे तिच्याइतकं मलाही जमत नाही.

तुझं म्हणणं मी अगदीच टाकून देत नाही. खालच्या मुरमाड तुकड्यात ११०-आर जातीच्या खुंटावर कलम केलेली शिराझ आहे, ती ताण सोसते. तिथल्या दोन ओळींवर एकरी सात टनांच्या हिशोबानं घड ठेव. त्यांचा माल वेगळा तोडू, लहान टाकीत वेगळा आंबवू. पण पुढच्या जूनमध्ये त्या ओळींच्या काड्या तू स्वतः तपासायच्या, आणि मगच बाकीच्या बागेबद्दल बोलायचं. उरलेल्या बागेत एकरी चार-पाच टनच राहतील.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणीची टोळी येते. तू एक दिवस आधी ये, म्हणजे त्या दोन ओळींत काडीवर किती डोळे ठेवायचे ते रानात उभं राहून ठरवू आणि ओळींना फिती बांधून ठेवू. पीएच मीटर जुळवायचं बफर द्रावण संपलंय, तेवढं येताना आण. बाबांनी लहान टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून सांगितलंय, त्याचं माप ते तुला पाठवतील.

तुझी
आई